तांब्यातली खिडकी

१४ डिसेंबर

दुपारी इथल्याच, बडोद्यातल्या फतेगंजहून मैत्रिणीचा फोन आला. त्यांच्या चर्चची मुलं नाताळात घरोघर कॅरोल म्हणायला जातात. यंदा प्रत्येक घरी एक छोटं कार्ड द्यायचं ठरलंय आणि त्यावरचं चित्र मी काढून द्यावं अशी तिची इच्छा. "दिवाळीला तू कंदील काढला होतास ना, तसंच काहीतरी. पण फार गर्दी नको गं. झाडाला लावतात तो एकच लाल गोळा काढ, मोठा. मात्र चकाकला पाहिजे."

मी लगेच हो म्हटलं. गोळाच तर आहे, शिकवणीची मुलं गेली की तासाभरात होईल असं धरून चालले होते.

रात्री नऊला बसले. मी गिम्प हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरते. फुकट मिळतं म्हणून घेतलं होतं, आता हाताला इतकं बसलंय की दुसरं काही नकोसं वाटतं. १९९६ साली स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी ते पहिल्यांदा लोकांसाठी खुलं केलं. वर्गात प्रकल्प द्यायची वेळ आली की मी मुलांना हे आवर्जून सांगते.

कार्ड पाच बाय सात इंचांचं. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर १५०० बाय २१०० पिक्सेलची पाटी लागते. गोल सिलेक्शन ओढताना शिफ्ट दाबून धरलं की वर्तुळ बिघडत नाही. त्यात रेडियल ग्रेडियंट भरला: डावीकडे वर फिकट लाल, तिथून खाली उजवीकडे गडद होत गेलेला. वीस मिनिटांत गोळा तयार. छान गोल, हातात घ्यावासा वाटेल असा. पण चकाकी म्हणून नाही. रबरी चेंडू धुऊन पुसून ठेवलाय असं दिसत होतं. मग मऊ ब्रशने वर एक पांढरा ठिपका दिला, तर चेंडूवर पीठ सांडलं. साडेअकरापर्यंत तो ठिपका इकडून तिकडे हलवत बसले, तीन लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक रचलेले थर, पुसून टाकले आणि झोपले.

१५ डिसेंबर

सकाळी देवाची भांडी काढली. आईंना आता ८१व्या वर्षी घासायला जमत नाही, म्हणून चिंच लावून घासायचं माझ्याकडे आणि कोरडं पुसायचं त्यांच्याकडे. त्यांनी पितळी तांब्या पुसून ओट्यावर ठेवला, मी चहाचं आधण ठेवत होते, ती तशीच थांबले.

तांब्याच्या पोटावर आमची स्वयंपाकघराची खिडकी होती. बोटाच्या पेराएवढी. चारही गज मोजता येत होते. खिडकीची कड सुरीने कापल्यासारखी धारदार: इकडे लख्ख उजेड, त्याला लागून लगेच काळपट तपकिरी, मधे एकही छटा नाही. खाली कडप्प्याची काळी पट्टी, तिच्या वर पिठाचा डबा आडवा ताणलेला, आणि मधोमध एक निळसर उभा डाग. तो डाग म्हणजे मी. मान हलवली की सगळं घर थोडं सरकायचं.

पितळ पिवळं असतं म्हणतो आपण. पण त्या तांब्यावर नुसता पिवळा असा भाग शोधायला गेले तर चौथाईसुद्धा सापडेना. बाकी सगळं घरच होतं, पिवळ्यातून पाहिलेलं. खिडकीचा उजेडही पांढराशुभ्र नव्हता, तुपासारखा होता.

काल रात्री काय चुकलं ते तिथे उभ्या उभ्या कळलं. सावकाश बदलणाऱ्या छटांनी वस्तू गोल दिसते. चकाकते ती एकदम बदलणाऱ्या छटांनी. मी गोळ्याला लाल रंगामागून लाल रंग देत बसले होते, त्याच्या भोवतालची खोली त्यात दिलीच नव्हती.

आई म्हणाल्या, "अगं, आधण उतू गेलं."

शाळेत मोकळ्या तासाला कागद घेतला. आपाती कोन आणि परावर्तन कोन सारखे, हे मी सव्वीस वर्षं शिकवतेय, पण ते चेंडूवर मांडून कधी पाहिलं नव्हतं. गोळ्याच्या थेट डाव्या अंगाला, माझ्या नजरेशी काटकोनात दिवा असेल, तर तो गोळ्यावर कडेला दिसत नाही. तो दिसतो केंद्रापासून त्रिज्येच्या सत्तर टक्क्यांवर, साइन ४५ अंश, ०.७०७. म्हणजे गोळ्याच्या पुढ्यातली सगळी अर्धी दुनिया मधल्या सत्तर टक्क्यांत, आणि मागची अर्धी दुनिया उरलेल्या तीस टक्क्यांच्या कड्यात चेपलेली. क्षेत्रफळ काढलं तर दोन्ही वाटे अगदी निम्मेनिम्मे निघतात! मी दोनदा करून पाहिलं. वर्गात हे सांगायचंच, दहावीच्या मुलांना नक्की कळेल. गोळ्याच्या अगदी पाठीशी लपलेला तुकडा तेवढा दिसत नाही, बाकी सगळी खोली त्यात मावते.

म्हणून माझा ठिपका कडेला नेला की खोटा वाटत होता. समोरून येणाऱ्या उजेडाला ती जागाच नाही.

१७ डिसेंबर

खरा गोळा बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं. शाळेतून परस्पर मंगळ बाजारात गेले. नाताळचं सामान भरपूर लटकलं होतं, पण दुकानदार म्हणाला, "काचना नथी बेन, बद्धा प्लास्टिकना छे." ते दिसायला चांगले होते, पण मधून जोडाची रेघ आणि चकाकीही जरा अंध. मग सरळ फतेगंज गाठलं. मैत्रिणीने माळ्यावरचा पुठ्ठ्याचा खोका उतरवला. तिच्या आईच्या वेळचे काचेचे गोळे, कापसात गुंडाळलेले. दोन लाल निवडून दिले. "एक तरी परत आण," म्हणाली. हसत म्हणाली खरी, पण रिक्षात मी खोका मांडीवरून खाली ठेवला नाही.

आणि घरी आल्यावर एक फुटला. कापूस सोडवताना टोपी हातात राहिली आणि गोळा कडप्प्यावर. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. मी मैत्रिणीला लगेच फोन करून सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली आणि "तुला लागलं नाही ना?" एवढंच विचारलं. फार वाईट वाटलं. तिच्या आईने हाताळलेली वस्तू, बाजारात पैसे देऊन मिळण्यातली नाही.

तुकडे फेकवेनात. एक मोठा तुकडा उजेडात धरला. काच कांद्याच्या सालीइतकी पातळ. बाहेरून लाल, आतून चांदीसारखी. तुकडा पालथा केला तर लालचा मागमूस नाही, नुसता आरसा.

आतली ती चांदी मी हाताने केलेली आहे! बारावीच्या प्रयोगशाळेत, सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाच्या द्रावणात ग्लुकोज घालून परीक्षानळी कोमट पाण्यात धरली होती, तेव्हा नळीच्या आतल्या अंगावर असाच आरसा चढला होता. बाईंनी नळी धुवायला सांगितली तरी मी ती दप्तरात घालून घरी आणली होती. जर्मनीतल्या थुरिंजियाच्या डोंगरात लाउशा नावाचं गाव आहे, तिथे १५९७ पासून काचेची भट्टी. नाताळच्या झाडाचे काचेचे गोळे फुंकायचं काम एकोणिसाव्या शतकात तिथल्याच कारागिरांनी घरोघरी वाढवलं. पोकळ गोळा फुंकायचा, आत चांदीचं द्रावण घालून हलवायचं, आणि वाळल्यावर बाहेरून रंगात बुडवायचा.

म्हणजे चकाकी दोन ठिकाणांहून येते. उजेडाचा थोडासा भाग, जेमतेम चार टक्के, वरच्या गुळगुळीत पृष्ठभागावरूनच परततो. त्याला रंग लागत नाही. उरलेला लाल थरातून आत जातो, चांदीवर आपटतो आणि परत लालमधून बाहेर येतो. दिवा किंवा खिडकी इतकी प्रखर की तिचे चार टक्केही डोळ्यात भरतात, म्हणून ती पांढरी दिसते. भिंत, कपाट, माणसं यांचे चार टक्के जाणवतही नाहीत, ती लालच राहतात. पितळेत हे नाही. तिथे परतणारा उजेड पितळेचा रंग घेऊनच परततो, म्हणून तांब्यातली खिडकी तुपासारखी होती.

हे कळल्यावर रात्री लेयरची नावंच बदलली: खाली "चांदी", वर "काच".

२० डिसेंबर

शाळा अर्धा दिवस. तिथून लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या फतेसिंह म्युझियममध्ये गेले. राजा रविवर्म्याची चित्रं लहानपणापासून पाहिलेली. सयाजीरावांनी १८८८ मध्ये त्याला पौराणिक प्रसंगांच्या चौदा चित्रांचं काम दिलं होतं, बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घरात हे कोणी ना कोणी सांगतंच. आज मी चेहऱ्यांकडे पाहिलंच नाही. जरीचे काठ पाहिले, दागिने पाहिले. पहारेकऱ्याने दोनदा मागे सरकायला सांगितलं.

तंजावर शैलीच्या चित्रात खरा सोन्याचा वर्ख असतो. इथे नुसता तेलरंग. जवळून पाहिलं तर जरीच्या काठात सोनेरी असं काहीच नाही: मातकट पिवळा, तपकिरी, सावलीत जवळजवळ काळा, आणि मधे मधे फिकट पिवळ्याचे मोजके फटकारे. चार पावलं मागे या की काठ झळाळतो. त्या फटकाऱ्यांना झळाळी येते ती शेजारच्या तपकिरीमुळे.

पडद्यावर पांढऱ्याहून पांढरं काही नसतं. लाल, हिरवा, निळा, तिन्ही २५५ वर गेले की संपलं. माझा लाल मुळातच इतका भडक होता की पांढऱ्याला उठून दिसायला जागा उरली नव्हती. घरी येऊन लाल उतरवत उतरवत पार ९०वर आणला, पिकलेल्या करवंदासारखा. मग पाथ टूलने खिडकी काढली, चार गजांसकट, तांब्यात पाहिली तशी. लेयरचा मोड स्क्रीन, म्हणजे वरचा थर खालच्याला उजळच करतो. कड मऊ करायचा मोह आवरला. खालच्या अंगाला ओट्यावरून परतणाऱ्या उजेडाची एक मंद, लाल चंद्रकोर दिली. तिला मात्र भरपूर ब्लर. आणि गोळा चकाकला. रात्री पावणेएकला, एकटीच होते, टाळी वाजवली.

गडद लालमध्ये पट्टे दिसत होते, पाण्यावरच्या तरंगांसारखे. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. लाल इतका अंधारात नेल्यावर त्यातल्या थोड्याच वाट्याला येतात आणि पायऱ्या डोळ्यांना दिसायला लागतात. ग्रेडियंटला डिदरिंगची, म्हणजे शेजारच्या छटांचे ठिपके एकमेकांत मिसळायची, खूण केली आणि पट्टे मोडले.

२१ डिसेंबर

एक गोष्ट खटकत होती. गोळ्यावर मधल्या रेषेच्या डावीकडचे गज डावीकडे फुगायला हवेत आणि उजवीकडचे उजवीकडे. माझा तिसरा गज उजवीकडचा असून डावीकडे झुकला होता. तांब्यात पाहून काढलेल्या स्केचमध्येही तसाच. गणिताने चूक, डोळ्यांनी बरोबर. दुरुस्त करायला घेतला तेवढ्यात आई मागे येऊन उभ्या राहिल्या. चष्मा वर केला, खाली केला.

"ही तर आपली खिडकी. आणि तो वाकडा गजसुद्धा काढलास की."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिसरा गज खरंच आत वाकलाय. एकोणतीस वर्षं त्या खिडकीशी पोळ्या लाटतेय मी. आई सांगत होत्या, लोखंडी कॉट आत घ्यायची होती तेव्हा दोन दिरांनी मिळून ती गजांत अडकवली, आणि मामंजी महिनाभर कोणाशी बोलले नाहीत. मग आणखी बरंच काही सांगितलं, त्या खिडकीतून वाण्याच्या दुकानाची हाक ऐकू यायची इथपासून. गज तसाच ठेवला.

उरलेला दिवस पितळी टोपी आणि तिची कडी. टोपीवर उभे पट्टे, फिकट-गडद-फिकट. गोल नळकांड्याला एवढं पुरतं.

२२ डिसेंबर

छापखान्यात नमुना काढला. लाल विझून गेला होता. छापणारे काका सावकाश समजावत होते: पडद्यावर उजेड मागून येतो, कागदावर चार शाया आणि कागदाचा स्वतःचा पांढरा, बास. मी तिथेच बसून पार्श्वभूमीचा हिरवा आणखी खोल केला, गोळ्याला लागून तर जवळजवळ काळा. खिडकीत एकही शाई पडू दिली नाही, तिथे कोरा कागदच राहील असं केलं. दुसरा नमुना आला तेव्हा काकांनी तो ट्यूबलाइटखाली तिरका धरला. शाई पुसट चमकली, खिडकी चमकली नाही, कोरीच होती, तरी उजेड तिच्यातूनच येतोय असं वाटत होतं.

२३ डिसेंबर

दोनशे कार्डं पोचवली. मैत्रिणीने पहिलं कार्ड घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि खोक्यावर, आईच्या गोळ्यांच्या शेजारी ठेवलं. उरलेला गोळा परत द्यायला काढला, तर म्हणाली, राहू दे तुझ्याकडे सहा जानेवारीपर्यंत, त्या दिवशी झाड उतरवतो आम्ही.

आता तो स्वयंपाकघराच्या खुंटीला टांगलाय. रात्रीच्या दिव्यात त्यात तांब्या दिसतोय, तिळाएवढा. तांब्यात गोळा दिसतो का, ते सकाळी उजेडात बघेन.