शेव्हेलचा कॅमशाफ्ट निवडताना

डेट्रॉइटजवळ राहत असल्यामुळे दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग बघायला मी जातोच, आणि सिग्नलला थांबलेल्या त्या इंजिनांची अडखळती धडधड ऐकूनच माझ्या १९७२ च्या शेव्हेलला (शेव्हरोलेची जुनी गाडी) तसला कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा, बसवायचा मोह झाला. मी हेरलेल्या कॅमशाफ्टचा कालावधी, म्हणजे क्रँक किती अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो तो आकडा, ०.०५० इंच उचलीपाशी मोजलेला, २३० अंश होता. पैसे भरण्यापूर्वी गाडीचे आकडे कागदावर मांडले, म्हणून बचावलो.

इंजिन ३५० घनइंचांचे असले तरी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते) जेमतेम ८.५, कारण कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालावे म्हणून जनरल मोटर्सने १९७१ पासून ते उतरवले होते. शिवाय ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, इंजिनाला कमी फेऱ्यांवर चालवणारा २.७३ चा मागचा गिअर आणि पॉवर ब्रेक. कालावधी लांबला की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, वर येणारा पिस्टन थोडे मिश्रण परत ढकलून देतो आणि कमी फेऱ्यांवर सिलिंडरमधला दाब घटतो. म्हणजे आवाज भारदस्त, पण सिग्नल सुटल्यावर गाडी मूळच्यापेक्षाही मंद. पॉवर ब्रेकला लागणारा व्हॅक्यूमही (इंजिनाची ओढ) घटला असता, ते वेगळेच.

शेवटी इनटेकला २१४ आणि एक्झॉस्टला २२४ अंश, लोबमधले (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या फुगवट्यांमधले) अंतर ११२ अंश असा कॅमशाफ्ट घेतला. मूळ हेडचे एक्झॉस्ट पोर्ट तोकडे असल्याने तिकडचे दहा अंश जास्तीचे उपयोगी पडतात. व्हॉल्व्हची उचल ०.४६ इंचाच्या आसपास ठेवली, तीही स्प्रिंगवरची टोपी गाइडला टेकणार नाही हे मोजून घेतल्यावरच. स्प्रिंग मात्र नव्या घातल्या.

मॅनिफोल्ड बसवण्याआधी सोळाही टॅपेटांच्या (लोबवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दट्ट्यांच्या) डोक्यावर मार्करने रेघ ओढली आणि क्रँक हाताने फिरवला. पंधरा रेघा हळूहळू कलत गेल्या, एक जागची हलेना. तो टॅपेट काढून पाहिला तर भोकाच्या कडेला जुन्या तेलाचे कीट चिकटलेले होते. ते साफ केल्यावर तोही फिरू लागला. न फिरणारा टॅपेट पहिल्या अर्ध्या तासातच लोब खातो, त्यामुळे या कंटाळवाण्या तपासणीचे श्रम मला जड वाटले नाहीत. नंतर जस्त आणि फॉस्फरसयुक्त तेल भरून, इंजिन सुरू होताच ते आयडलवर (पेडल न दाबता चालणाऱ्या मंद फेऱ्यांवर) न सोडता वीस मिनिटे दोन ते अडीच हजार फेऱ्यांवर चालवले.

आता आयडलला व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या १७ इंचांवर स्थिर असतो आणि ब्रेकचे पेडल पूर्वीइतकेच हलके आहे. धडधड मात्र इतकी सौम्य आहे की बॉनेट उघडून कान लावल्याशिवाय ती जाणवत नाही.