इग्वाना, जुळ्या बहिणी आणि आमचा रविवार

आज वाचनगटात जपानी चित्रकथाकार मोतो हागिओ यांच्या मांगा-कथांचा (मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स) इंग्रजी संग्रह होता. ‘इग्वाना गर्ल’ (१९९२) मध्ये आईला आपली थोरली मुलगी चक्क इग्वाना दिसते. जगाला ती साधी, हुशार पोरगी. पण आरशात तिला स्वतःलाही इग्वानाच दिसतो. चित्रं बघून एकजण म्हणाला, “ई, पाल!” सगळे हसले. मग एक काकू शांतपणे म्हणाल्या, “माझी आई मला पाहुण्यांसमोर आणायचीच नाही. रंगामुळे.” त्यानंतर चर्चा पुस्तकाची उरलीच नाही, प्रत्येकाची आई निघाली. हागिओच्या घरूनही मांगा काढायला विरोधच होता, हे सांगायचं राहून गेलं.

मला स्वतःला ‘हानशिन’ (१९८४) जास्त लागली. जोडलेल्या जुळ्या बहिणी, एक देखणी, दुसरी तिला पोसून वाळलेली. मग शस्त्रक्रिया. जेमतेम सोळा पानं! सुरुवातीच्या कथा मात्र जरा जास्तच डबडबलेल्या डोळ्यांच्या आहेत, काहींना त्याच आवडल्या, असो.

पुस्तक काकूंनी नेलंय, लेकीला वाचायला द्यायचंय म्हणे. ज्यांना हवंय त्यांनी माझ्या नव्हे, त्यांच्या मागे लागा.