आकड्यांवरून अडलेली राज्यघटना

७ नोव्हेंबरला साताऱ्यात बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाची आठवण निघते. १९०० साली इथल्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. भाषणं मग थेट २६ नोव्हेंबर १९४९ वर, म्हणजे राज्यघटना स्वीकारली त्या दिवसावर, उडी मारतात. मधली घासाघीस मात्र राहूनच जाते.

घटनेच्या मसुदा समितीत सात जण होते. त्यांतले काही गळाले, काही दिल्लीपासून लांब राहिले, आणि लिखाणाचा भार बाबासाहेबांवर पडला, असं समितीतले एक सदस्य टी. टी. कृष्णम्माचारींनी संविधान सभेतच सांगितलं. फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात ३१५ कलमं होती. शेवटी ३९५ झाली. दुरुस्त्या आल्या सुमारे ७,६३५, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या.

सगळ्यात जास्त ताणलं ते भाषेवर. हिंदी आणि देवनागरी लिपी यावर जमत आलं होतं, पण गाडी अडली आकड्यांवर! हिंदीवाल्यांना १, २, ३ देवनागरीच हवे. दक्षिणेकडच्यांना ते मान्य नव्हतं. क. मा. मुन्शी आणि गोपालस्वामी अय्यंगार या सदस्यांच्या नावाचा मुन्शी-अय्यंगार तोडगा निघाला: लिपी देवनागरी, आकडे आंतरराष्ट्रीय (1, 2, 3), आणि इंग्रजी आणखी १५ वर्षं. १४ सप्टेंबर १९४९ ला तो मंजूर झाला. शब्दरचनेतली खुबी बघा. कलम ३४३ त्या आकड्यांना ‘भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप’ म्हणतं, म्हणजे कुणालाच हरल्यासारखं वाटू नये. ‘राष्ट्रभाषा’ हा शब्दही टाळला. घटनेत आहे ती ‘राजभाषा’, म्हणजे सरकारी कामकाजाची भाषा. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धांत आजही इथंच गफलत होते.