रुमाल टाकलेली खुर्ची

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची विद्या मी मिरजेच्या स्टँडवर शिकलो. ती अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रोअनोकला येऊन कधी आठवेल असं वाटलं नव्हतं. पण गेली नऊ वर्षं एप्रिल ते ऑक्टोबर दर शुक्रवारी दुपारी ऑफिसातून सटकतो आणि व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, टेनेसी असा मुलूख पालथा घालत ब्लूग्रासच्या, म्हणजे बँजो-मँडोलिनवाल्या अमेरिकन लोकसंगीताच्या, फेस्टिव्हलांत फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवतो. तिथे तो रुमाल मला हमखास भेटतो. फक्त रुमालाच्या जागी अख्खी खुर्ची असते.

सकाळी गेट उघडलं की माणसं घडीच्या खुर्च्या स्टेजसमोरच्या गवतावर मांडतात, पाठीवर चिकटपट्टी लावून नाव लिहितात आणि चालती होतात. कोणी आरव्हीत, म्हणजे झोपायची सोय असलेल्या गाडीत, जाऊन पडतं, कोणी पार्किंगमध्ये कोंडाळं करून वाजवत बसतं. खरं वाजवणं तिथेच होतं, हे स्टेजवरचेसुद्धा खासगीत कबूल करतात. रिकाम्या खुर्चीत कोणीही टेकावं, मालक आला की मुकाट उठावं. वादावादी नाही. आमच्याकडे हे जमलं असतं तर किती शर्टांच्या कॉलरी वाचल्या असत्या!

याचा तोटा एकच. सकाळी अकराची वेळ आमच्यासारख्या किरकोळ बँडच्या वाट्याला येते आणि तेव्हा समोर चारशे खुर्च्या आणि तीस माणसं असतात. पहिल्या वर्षी मला ते फार लागलं होतं. आमचा म्होरक्या मँडोलिनवाला म्हणाला, "खुर्च्या मधेच उठून जात नाहीत, हे लक्षात घे."

हा सगळा संसार तसा फार जुना नाही. बिल मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या बँडमध्ये १९४५च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी वाजवायचा बँजो घेऊन आला आणि या संगीताचा बाज ठरला. ड्रम नाही. मँडोलिनवाला उलट्या, म्हणजे मुख्य ठोक्यांच्या मधल्या, ठोक्यावर तारा खटकन दाबतो, तोच आमचा तबला. आणि कार्लटन हेनी नावाच्या गृहस्थाने १९६५च्या सप्टेंबरात घोड्यांच्या एका फार्मवर दोन-तीन दिवसांचा पहिला मोठा ब्लूग्रास फेस्टिव्हल भरवला, तो फिनकॅसलला. आमच्या घरापासून गाडीने अर्धा तास. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात, आमचा दसऱ्याच्या सुमारास मिटतो, एवढाच काय तो फरक. आई फोनवर विचारते, "बिदागी किती?" मी सांगतो, पेट्रोल आणि मोटेल वजा जाता फिडलच्या तारांचा एक सेट. ती म्हणते, "म्हणजे हौसच."

ऑक्टोबरचा शेवटचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी असतो. गाडीत आम्ही पाच जण आणि सहावा डबल बास, माणसाएवढं तंतुवाद्य. सगळ्यात ऐसपैस तोच निजतो, मान दोन सीटांच्या मधून पुढे काढून, आणि ब्रेक दाबला की बँजोवाल्याच्या कानाला टोचतो. जूनमध्ये घामाने हनुवटीखाली फिडल सटकतं. आता उलट. उबदार गाडीतून थंड स्टेजवर आलं की पोलादी तारा आखडतात, सूर वर चढतो, आणि आपण खुंट्या पिळत असताना म्होरक्या तोच तो बँजोवाल्यांवरचा विनोद लोकांना सांगतो. दोन्ही खिशांत लोखंडाच्या भुकटीची गरम होणारी पाकिटं. एक सोलो झाला की बोटं खिशात.

आम्ही पाचही जण एकाच माइकभोवती वाजवतो. ज्याची पाळी तो पुढे, बाकीचे मागे. पंगतीत वाढपी जसे एकमेकांना न धडकता आमटीचं भांडं नेतात, तसं. मिरजेला मी मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून शिकलो. त्यामुळे उभं राहून गज दुसऱ्याच्या डोळ्यात न घालता मागे सरकायला मला दोन सीझन लागले. सूर लावण्यापेक्षा ते अवघड होतं.

यंदा रविवारी सकाळी गॉस्पेलचा, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांचा, कार्यक्रम झाला, दुपारपर्यंत सगळं उरकलं. केबली गुंडाळत होतो. गवतावर खुर्च्यांच्या पायांची चौकोनी भोकं उरली होती आणि एकच खुर्ची. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची, डावीकडच्या पट्टीचा टाका उसवलेला. चिकटपट्टीवरचं नाव पावसाने धुऊन गेलं होतं. पण मालक कोण ते आम्हाला ठाऊक. अकराच्या त्या तीस माणसांतले एक आजोबा. टाळी कधी वाजवायचे नाहीत, उजव्या बुटाची टाच मात्र बरोबर उलट्या ठोक्यावर पडायची. शनिवारी होते, रविवारी सकाळी दिसले नाहीत. थंडीला कंटाळून लवकर निघाले असतील.

मैदान आवरणारा म्हणाला, न्या, पुढच्या वर्षी देऊन टाका. मग ती बासच्या पोटावर ठेवून घरी आणली.

आता ती गॅरेजमध्ये, फिडलच्या पेटीशेजारी उघडून ठेवली आहे. पुसली, उसवलेली पट्टी सुतळीने शिवली. परवा बायको म्हणाली, "एवढी नीट केलीस तर बस की तिच्यावर." मी म्हटलं, "नको. मालक आले तर उठावं लागेल."