ताईचं बाळ आणि ऊब

आज ताईच्या बाळाला पाहून आले. वेळेआधी जन्मलेलं, म्हणून काचेच्या पेटीत असेल असं वाटलं होतं. तर स्वारी ताईच्या छातीवर, कातडीला कातडी लावून गाढ झोपलेली!

याला कांगारू मदर केअर म्हणतात. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटात डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली, कारण तिथे इनक्युबेटर पुरत नव्हते. अडचणीतून निघालेला मार्ग, आणि आज जागतिक आरोग्य संघटनाही तोच सुचवते. अशा बाळांच्या कातडीखाली चरबी फारशी नसते, त्यामुळे अंगातली उष्णता भराभर निघून जाते. नुसतं पांघरूण घालून भागत नाही. पांघरूण आपली ऊब फक्त अडवून धरतं, तयार करत नाही. (हे शाळेत शिकलो होतो, पण कळलं आज.)

बाहेर बाकावर एका अनोळखी बाईंनी न विचारताच सरकून जागा दिली. तेही बरं वाटलं.

उद्यापासून दाजींची पाळी, कारण बाबांनाही हे करता येतं. ते आतापासूनच ताठ बसायचा सराव करतायत. हलायला ताईनं सक्त मनाई केलीय!