ब्रँच आहे की नाही

बुधवार, रात्र. ठाणे पूर्व.

"त्या नावाची ब्रँच सर्व्हरवर नाहीच आहे गं," मॅडम म्हणाल्या आणि मीटिंग पुढे सरकली. ब्रँच म्हणजे कोडची वेगळी चालवलेली शाखा. माझ्या स्क्रीनवर ती दिसत होती. रिमोट, म्हणजे सर्व्हरवरच्या ब्रँचच्या यादीत, नावाआधी ओरिजिन (सर्व्हरचं टोपणनाव) लावून. स्टेटस विचारलं तर गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर, सांगत होतं, तुझी ब्रँच ओरिजिनशी जुळते आहे. मी गप्प बसले. बेलापूरहून घरी येईपर्यंत तेच डोक्यात. समोर दिसतंय ते नाही म्हणतात, आणि कुणी माझ्या स्क्रीनकडे वळूनही बघत नाही. दादा टीममध्ये असता तर... जाऊ दे.

घरी आल्याआल्या लॅपटॉप उघडला. पुल केलं, म्हणजे सर्व्हरवरचे बदल मागवले, तर असा रेफ (त्या नावाची ब्रँच) मिळालाच नाही म्हणे. स्टेटस मात्र अजून सगळं जुळतंय यावर ठाम. मग गिट एलएस-रिमोट चालवलं. ते थेट सर्व्हरला विचारतं. तिथे खरंच नव्हती.

एकाच नावाच्या तीन गोष्टी आहेत तर. सर्व्हरवरची ब्रँच, माझी लोकल ब्रँच, आणि मधली ती ओरिजिनवाली. तिला रिमोट म्हणायचं, पण ती राहते माझ्याच डिस्कवर. मागच्या फेचच्या, म्हणजे सर्व्हरवरून माहिती आणण्याच्या, वेळी सर्व्हरवर काय होतं, त्याची ती नोंद. मेन या मुख्य ब्रँचमध्ये मर्ज झाल्यावर, म्हणजे तिचे बदल तिथे मिसळल्यावर, सर्व्हरवरची ब्रँच आपोआप डिलीट झाली. साधं फेच नवीन आणतं, गेलेलं काढत नाही; त्यासाठी प्रून सांगावं लागतं. आमची आत्या भेटली की अजून विचारते, "दहावी ना गं यंदा?" स्टेटसचंही तसंच, शेवटचं पाहिलेलं सांगतं.

पण मग एकदा विचारावं ना सर्व्हरला! हे मला अजून खुपतंय. मी डोळे झाकून विश्वास ठेवते त्या ओळीवर, रोज. तरी न विचारण्यामागे कारण आहे. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स कर्नलसाठी गिट लिहिलं ते असं, की पूर्ण इतिहास प्रत्येकाच्या मशीनवर असावा आणि रोजच्या कामाला सर्व्हरवाचून अडू नये. तुर्भे ते ऐरोली गाडीत नेटवर्क येत-जात असतं, तेव्हा मी निवांत कमिट करते (बदल नोंदवते), लॉग चाळते, ते याच्याच जिवावर. मग तक्रार कशाची करायची? मॅडम खरं बोलत होत्या, मीही खरं बघत होते.

तरीही मघाशी सगळे पुढे गेले, ते आठवलं की घशात येतंच.

गिट फेच, प्रून. ओरिजिनवाली गेली. माझ्या लोकल ब्रँचपुढे आता 'गॉन' लिहून येतंय. तीही काढून बघावी म्हटलं, तर गिटने अडवलं: पूर्ण मर्ज झालेली नाही. मर्ज करताना स्क्वॉश केलं होतं, म्हणजे सगळे कमिट एकात दाबले होते, म्हणून मेनमध्ये एकच मोठा कमिट आहे. तारखांचा तो हिशोब का बदलला, ते सांगणारे छोटे कमिट फक्त इथे आहेत. मीटिंगमध्ये हवे होते ते हेच. जबरदस्तीने डिलीट करणारा मोठा डी मी वापरला नाही.

मॅडमना मेसेज टाकला. लगेच उत्तर आलं: "अगं, मग परत पुश कर ना, वेगळ्या नावाने. सकाळी बघते." केलं पुश. आता एलएस-रिमोटमध्येही दिसतेय.