जुनी जीप, बोअरचं पाणी आणि गायब थर्मोस्टॅट

आजचा अख्खा दिवस जीपच्या बॉनेटखाली गेला. महिंद्रा एमएम ५४०, आत प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा लालकडे सरकतो, ही जुनी तक्रार.

रेडिएटर उतरवून मिस्त्रींकडे नेला. त्यांनी डाख वितळवून वरची टाकी उघडली, तर नळ्यांची तोंडं पांढरट-तपकिरी क्षाराने बुजलेली. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्यावर दुसरं काय होणार! एकेका नळीत पातळ पट्टी घालून मोकळी केली.

खरी गंमत पुढे. थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) जागी थर्मोस्टॅटच नाही! 'गरम होते ना, मग काढून टाका', हा उपाय आपल्याकडे गॅरेजोगॅरेजी चालतो. मला अजिबात पटत नाही. डिझेल इंजिन गारच राहिलं की सकाळी पांढरा धूर, ॲव्हरेज कमी, सिलिंडरची झीज जास्त. नवा बसवण्याआधी पातेल्यात थर्मामीटर घालून उकळत तपासला: ८२ अंशांच्या आसपास झडप हलली, नव्वदीच्या पुढे पूर्ण उघडली. (पातेलं कुठलं होतं, हे घरी अजून कळलेलं नाही.)

रेडिएटरच्या झाकणाचं रबरही कडक झालेलं. दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळणारच, म्हणून तेही बदललं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, झाकण उघडं ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) बराच वेळ गार, मग एकदम चटका.

रविवारी चौघांना बसवून घाट चढवणार. वॉटर पंपातून एखादा थेंब अजून टपकतोय, कुणाकडे सील किट असेल तर कळवा.